पडवीतले मास्तर

मास्तर मुलांकडे पाठ करून शिकवत. वसईजवळच्या वटारच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी मला आधी दिसली ती त्यांच्या कोटाची पाठच. विटून तांबूस झालेला काळा कोट, मधोमध उसवलेला आणि जाड दोऱ्याने पुन्हा शिवलेला. त्यांच्या मागे पडवीच्या जमिनीवर दहा-अकरा मुले बसली होती. एक मुलगी पुस्तकावर वाकून अडखळत काहीतरी वाचत होती आणि मास्तर अंगणातल्या चिंचेकडे तोंड करून ऐकत होते. मला वाटले, हा माणूस वर्गावर रुसला आहे.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा तीन-चार वर्षे झाली होती. मी बावीस वर्षांची, नुकतीच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेली. हातात दोन पिशव्या होत्या, एकीत कपडे आणि दुसरीत वह्या. यादी केल्याशिवाय मला तेव्हाही काही सुचत नसे. मास्तरांविषयी लिहायचे ठरवले तेव्हासुद्धा आधी कागदावर मुद्दे काढले. सतरा निघाले, पण कोणता आधी आणि कोणता नंतर ते काही केल्या ठरेना. म्हणून आठवेल तसे लिहिते आहे.

शाळेला चार खोल्या होत्या, चार शिक्षक होते आणि मागच्या बाजूला कौलारू पडवी होती. पडवीत वर्ग आहे असे कोणत्याही कागदावर नव्हते. तिथे बसणाऱ्या मुलांची नावे पहिली, दुसरी, तिसरी अशा निरनिराळ्या हजेरीपटांवर होती, पण सकाळची हजेरी झाली की ती उठून मागे जात. कोणी तीन वर्षे पहिलीत होते, कोणी चार वर्षे दुसरीत. एकाला अक्षरे ओळखता येत नसत. एकाला शिकवलेले काही कळत नसे, पण गावातल्या प्रत्येक बैलाचे नाव पाठ होते. एक मुलगा कोणाशीच बोलत नसे. अलीकडे अशा मुलांच्या अडचणींना नावे आहेत, त्यांच्यासाठी वेगळे शिकलेले शिक्षक आहेत, कुठे कुठे शाळाही आहेत. तेव्हा सगळ्यांना मिळून एकच नाव होते, मठ्ठ. मास्तर तो शब्द वापरत नसत. ते म्हणत, "आमच्याकडे सगळीकडून परत आलेली मंडळी असतात."

मंडळींना ते अहो-जाहो करत. सात वर्षांच्या पोराला, "या, बसा. आज उशीर का झाला आपल्याला?" गावात यावर पुष्कळ हसू होई. हेडमास्तर एकदा म्हणाले, "मास्तर, पोरांना डोक्यावर बसवताय."

"डोक्यावर नाही," मास्तर म्हणाले, "जमिनीवरच बसतात. बाकं तुम्ही दिली नाहीत."

पाठ का करता, हे मी तिसऱ्या की चौथ्या दिवशी विचारले. त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली, शिंक येईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "बाई, चार माणसं टक लावून बघत असताना सुईत दोरा ओवून बघा." एवढेच. मी ते वहीत लिहून घेतले आणि समजले असे धरून चालले.

कोटाला दोन मोठे खिसे होते. उजवा मुलांचा, डावा मास्तरांचा. मुलांच्या खिशात चिंचोके, शिंपल्या, सुपाऱ्या, सुतळीचे तुकडे आणि केळीच्या सोपटाच्या, म्हणजे वाळलेल्या सालीच्या, पट्ट्या असत. या पट्टीला मधे एका ओळीपुरती फट कापलेली असे. पानावर ठेवली की बाकीचे सगळे झाकले जाई आणि एकच ओळ दिसे. ज्यांना पान पाहूनच घाम फुटे त्यांना एका ओळीचे भय वाटत नसे. डाव्या खिशात तपकीर. मास्तर कधी कधी खिसे विसरत. मग चिंचोक्यांना तपकीर लागे आणि बेरजा करता करता सगळी पडवी शिंकत बसे.

शाळेच्या कुंपणाला लागून एक वाडी होती, तिच्यात रहाट. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल फिरे आणि लोटे भरून वर येत. पडवीतला पांडू हा मुलगा एका जागी पळभरही बसत नसे. बसवला की पायांनी जमीन उकरायचा. मास्तरांनी वाडीच्या मालकाला विचारून त्याला बैलाच्या मागे चालायला लावले. एका फेऱ्याला एक पाढा. महिन्याभरात पांडूला पंधरापर्यंतचे पाढे येऊ लागले, तेही फक्त चालताना. बसला की पुन्हा कोरा. मास्तर हेडमास्तरांकडे गेले आणि तोंडी परीक्षेत पांडूला चालू द्यावे म्हणून सांगितले.

"परीक्षा आहे की प्रदक्षिणा?" हेडमास्तर म्हणाले.

"पाढे येतात ना? मग बसून येतात की चालून, यात आपलं काय जातं?"

हेडमास्तर हसले आणि परवानगी दिली. ते वाईट माणूस नव्हते. पडवी त्यांनीच चालू दिली होती. फक्त ती कागदावर येऊ नये एवढी त्यांची काळजी होती.

आणखी एक गोष्ट मी रोज पाहत असे. पडवीतल्या एका मुलाला घंटेचा आवाज सोसत नसे. लोखंडी पट्टीवर शिपायाने ठोका दिला की तो किंचाळून पडवीच्या कोपऱ्यात जाई. शिपाई घंटेकडे निघाला की मास्तर हातातले काम टाकून उठत, त्या मुलाच्या मागे जाऊन उभे राहत आणि आपल्या तळहातांनी त्याचे दोन्ही कान झाकत. दिवसातून सहा वेळा. एकदाही चुकले नाहीत. पुढे काही वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेत दोन शब्द बोला म्हणून सगळे मागे लागले. ते उठून उभे राहिले, तेवढ्यात शिपाई घंटेकडे निघालेला दिसला. मास्तर सभा सोडून पडवीकडे गेले ते परत आलेच नाहीत. भाषण राहिले.

कागदाचे मात्र त्यांना वावडे होते. पत्रक भरायचे असले की ते हरवत. यादी केली की माणूस दिसेनासा होतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते आळशी माणसाचे बोलणे वाटे, आणि माझी चूक झाली ती इथेच.

माझ्याकडे दुसरीचा वर्ग आणि, अक्षर चांगले म्हणून, सगळ्या शाळेचे हजेरीपट आले होते. तीन आठवड्यांत माझ्या लक्षात आले की पटावर हजर असलेली मुले वर्गात नसतात. मला तो गोंधळ बघवेना. शाळा तपासणाऱ्या सरकारी डिप्टीसाहेबांची वार्षिक तपासणी जवळ आली होती. मी दोन संध्याकाळी बसून पडवीतल्या अकरा मुलांची स्वच्छ यादी केली. नाव, वय, इयत्ता, किती वर्षे त्याच इयत्तेत, आणि शेवटचा रकाना कारणाचा. तो भरायला मी मास्तरांकडे गेले नाही. ऐकीव आणि दुरून पाहिलेले लिहिले. कोणापुढे मंद, कोणापुढे चंचल, कोणापुढे मुका. कतरीन नावाच्या मुलीपुढे मी अर्धवट असे लिहिले. पहिल्या दिवशी पुस्तकावर वाकून वाचत असलेली मुलगी तीच. हजेरीपलीकडे मी तिच्याशी एकदाही बोलले नव्हते. लाल शाईने रेघा मारून ती यादी मी तपासणीच्या कागदांत लावून ठेवली. हेडमास्तरांनी न वाचताच फाईल चाळली आणि अक्षराचे कौतुक केले.

शाळेची एक रीत मला कोणी सांगितली नव्हती, कारण ती मला ठाऊक असणार असे प्रत्येकाने धरले होते. तपासणीच्या दिवशी पडवी रिकामी व्हायची. मुले आपापल्या वर्गात, हुशार मुलांच्या मधे पेरली जायची. डिप्टी येत, चार प्रश्न विचारत, पुढची मुले उत्तरे देत आणि अकरा जणांची नावे आणखी एक वर्ष टिकत. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते.

त्या वर्षी डिप्टीसाहेब नवे होते आणि कागद वाचणारे होते. माझ्या वर्गात आले तेव्हा माझी यादी त्यांच्या हातात होती. त्यांनी नाव घेऊन कतरीनला उभे केले आणि पुस्तक तिच्यापुढे धरले.

"वाच."

कतरीनने पुस्तक घेतले, पान पाहिले, मग साहेबांकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "तुमी तिकडं बघा."

"काय?"

"तिकडं. भित्तीकडं."

वर्ग खुदखुदला. साहेबांनी पुस्तक परत घेतले, यादीवर कतरीनच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या वर्गात गेले. मास्तर दारात उभे होते. ते दोन पावले पुढे आले, पण हेडमास्तरांनी त्यांचा कोट मागून धरला. इतर खोल्यांतही तसेच झाले. पांडू उठून चालू लागला, बाकीची गप्प राहिली.

महिन्याने पत्र आले. एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे राहिलेल्या सदर विद्यार्थ्यांची नावे कमी करावीत. खाली माझीच अकरा नावे, माझ्याच क्रमाने. ती तांबड्या शाईने कापायचे कामही माझ्याकडेच आले.

मी मास्तरांना जाऊन सांगितले की यादी माझी. ते म्हणाले, "ठाऊक आहे. अक्षर ओळखलं. यादी नीट होती हो. फक्त तुम्ही एक दिवस इथं बसून मग करायला हवी होती." रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

मग मी रोज दुपारच्या सुट्टीत पडवीत जाऊन बसू लागले. नाव कमी झाले तरी मुलांना पडवीत येऊ द्यायला हेडमास्तरांची हरकत नव्हती. दहा जण येत राहिले. कतरीन आली नाही.

पाच दिवस वाट पाहून मास्तर आणि मी तिच्या घरी गेलो. तिचा बाप पास्कू, फुलांची आणि केळीची वाडी असलेला. कतरीन मोगऱ्याच्या ओळीत खाली बसून कळ्या काढत होती. आम्हाला पाहून तिने मान वळवली आणि पुन्हा कामाला लागली.

"मास्तर, तुमच्यावर माजा राग नाय," पास्कू म्हणाला. "पन शालेत नाव नाय, तं पोरीनं तिथं जाऊन करायचं काय? पाहुनी म्हनून बसायचं? ती सकाळी हजेरीला उभी राहिली. सगल्यांची नावं घेतली, हिचं नाय घेतलं. घरी येऊन म्हनाली, मी आता नाय जायची."

"तिचं वाचन येत चाललं होतं," मास्तर म्हणाले.

"येत असंल. पन सायबाच्या कागदावर अर्धवट लिवलंय. गावात सगल्यांना म्हाईत झालंय. उद्या तिला सून कोन करील? कोनी लिवलं ते?"

पास्कूच्या बायकोने आणलेला चहा माझ्या हातात होता.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

पास्कूने मला वरून खाली पाहिले. "तुमी? तुमी तिला किती दिस वलखता?"

"लिहिलं तेव्हा तीन आठवडे झाले होते. म्हणजे ओळखत नव्हतेच."

त्याने मोगऱ्यातल्या कतरीनकडे पाहिले. मग म्हणाला, "मंग तुमीच जाऊन सांगा सायबाला, चुकलं म्हनून. माजी गाडी सोमवारी रिकामी असते. मी घेऊन जातो."

"पास्कूभाऊ," मास्तर म्हणाले, "गाडीत अकरा मुलं मावतील का?"

"केलीचे घड मावतात ढीगभर. पोरं काय."

सोमवारी आम्ही वसईला निघालो. मास्तर गाडीच्या बाजूने चालत, मीही चालत. वर बसायला मला तोंड नव्हते आणि जागाही नव्हती. पोरांसाठी पास्कूच्या बायकोने फडक्यात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बांधून दिली होती, ती वाटेतल्या निर्मळच्या तळ्यापर्यंतच संपली.

कचेरीत डिप्टीसाहेबांनी मला ओळखले. "यादी तुमचीच ना? फार व्यवस्थित होती."

"ती चुकीची आहे, साहेब."

मी सगळे सांगितले. पडवी, तपासणीच्या दिवसाची रीत, आणि कारणाचा रकाना मी कसा भरला ते. पडवी अशी सरकारी कचेरीत उघडी केल्याचे हेडमास्तरांना कळले असते तर त्यांनी जेवण सोडले असते. साहेब ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, नियम मी केलेले नाहीत. आणि त्या मुलीने मला भर वर्गात भिंतीकडे बघायला सांगितलं."

"ती उद्धट नव्हती, साहेब," मास्तर म्हणाले. "मी तिला तसंच शिकवलंय. कोणी बघत असलं की तिची अक्षरं हलतात. आज पुन्हा ऐका. पुस्तक नको, ते तिला पाठ असेल म्हणाल. तुमच्या टेबलावरचा कोणताही कागद द्या."

बाजूचा कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी देवी टोचण्याबद्दलचे एक पत्रक उचलून कतरीनच्या हातात दिले. मास्तरांनी सोपटाची पट्टी दिली. आणि साहेबांनी, क्षणभर थांबून, आपली खुर्ची खिडकीकडे वळवली. मास्तरांनी पाठ केली. मग मी केली. शेवटी कारकुनानेही केली.

कतरीन वाचू लागली. एकेक अक्षर, मग शब्द, मग मागे जाऊन तोच शब्द पुन्हा. मी समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहत होते. दोन वेळा ती इतका वेळ थांबली की मला वाटले, संपले. दारात दोन माणसे येऊन उभी राहिली, कारकुनाने त्यांना हातानेच थांबवले.

"झालं?" साहेबांनी न वळता विचारले.

"नाय. अजून येक ओल हाय."

"बरं," साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

ओळ संपली तेव्हा त्यांनी खुर्ची वळवली. "फार वेळ लागतो," ते म्हणाले.

"लागतो," मास्तर म्हणाले. "पण येतं."

"ठीक. हिचं नाव पुन्हा दाखल करा."

"बाहेर गाडीत आणखी दहा आहेत."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. "तेही सगळे वाचतात?"

"नाही. तिघं वाचतात. चौघं पुढेमागे वाचतील असं वाटतं. बाकीच्यांना काय येईल ते मला अजून कळलेलं नाही. शाळेतून गेले तर कळायचंही नाही."

साहेब उठून खिडकीशी गेले. गाडी झाडाखाली उभी होती. पांडू गाडीभोवती फेऱ्या मारत होता. बाकीची दाटीवाटीने बसून कशावरून तरी भांडत होती.

"एक वर्ष," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मी स्वतः बघेन. आणि मास्तर, पेरणी बंद. पडवीतच बघेन."

"यावं," मास्तर म्हणाले. "सतरंजी आणा मात्र. आमच्याकडे बाक नाही."

फेरदाखल करण्याचा कागद माझ्यापुढे आला. प्रत्येक नावापुढे कारण लिहायचे होते. मी पहिल्या नावापुढे लिहिले, शिक्षिकेने चुकीची माहिती दिल्यामुळे. कारकून म्हणाला, "आता खाली सगळीकडे 'वरीलप्रमाणे' घाला, बाई. वेळ वाचेल." मी अकरा वेळा पूर्ण लिहिले. साहेबांनी सही केली.

बाहेर आले तेव्हा ऊन चढले होते. कतरीन बापाला काहीतरी सांगत होती, आणि पास्कू बैल जुंपता जुंपता मान हलवत होता. मी सवयीने गाडीच्या मागे चालायला उभी राहिले. मास्तर गाडीपाशी गेले आणि वर बसलेल्या मंडळींना म्हणाले, "अहो, जरा सरकून घ्या. बाईंना बसायचंय."

त्यांनी एकमेकांना ढकलत, कुरकुरत, कोपरे मारत जागा केली. ती वीतभरच होती. मी चढून बसले.